मास्तर वास घेतात

कप खाली ठेवा आधी. हो, खालीच ठेवा! नाहीतर ऐकता ऐकता चहा नाकात जाईल आणि मग म्हणाल, मास्तरनं सांगितलं नाही. आता दारूचा विषय निघालाच आहे, तुम्ही सगळे माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसूनही राह्यले, तर खरं काय झालं ते एकदाचं माझ्याच तोंडून ऐका. असा फजितवाडा आमच्या मेहकर तालुक्यात दुसऱ्या कोण्या मास्तरचा झाला असेल असं मला नाही वाटत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याआधी आम्ही मध्यप्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही, पण चावडीची पाटी मात्र दरवेळी नव्यानं रंगवावी लागली. जानेफळच्या पुढचं एक गाव. नाव नाही सांगत, माझे विद्यार्थी आहेत तिथं. नवंनवं हायस्कूल होतं आणि मी तिथं भूमिती शिकवायचो.

दारूबंदीचा काळ. म्हणजे दारू उघड विकत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. दरवर्षी दारूबंदी सप्ताह व्हायचा आणि त्यात भाषण कोणाचं? माझं! दारूनं काळीज कसं सडतं, संसार कसा बुडतो, हे मी असं रंगवून सांगायचो की पहिल्या रांगेतली लहान पोरं भोकाड पसरायची. आता तुम्ही विचाराल, मास्तर, तुम्ही दारू पाहिली होती का? नाही. चाखली? राम राम! निदान वास? तोही नाही. आमचं घराणं बुलढाण्याचं, कारकुनांचं आणि मास्तरांचं. आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी लसूणसुद्धा मोकळेपणी खाल्ला नाही, तर दारूचं काय घेऊन बसलात!

पण मला एक खोड आहे. एखादी गोष्ट कळली नाही की चैन पडत नाही. घड्याळ मागं पडायला लागलं की मी ते उघडून पाहतो, आणि मग ते कायमचं बंद पडतं. या खोडीनंच सगळा घात केला.

झालं असं की, शाळेत शिक्षणखात्याचे एक साहेब आले. पालकांची सभा भरवली. साहेब म्हणाले, "सोळा-सतरा हे पाय घसरायचं वय! पालकांनो, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा!" पुढं ते म्हणाले, "आणि आपण मुलाबद्दल मनात जे धरून बसतो ना, मूल हळूहळू तसंच होतं." हे दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. ते मला हेडमास्तरांनी फार मागाहून सांगितलं. कारण पहिलं वाक्य कानावर पडताच मी सभेतच मागं वळून, पोरांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या दिनकरच्या पायांकडे पाहायला लागलो होतो.

दिनकर माझा एकुलता एक. त्या साली मॅट्रिकला बसायचा होता. आवाज फुटलेला, ओठावर मिसरूड, आरशासमोर भांग पाडायला कधी नव्हे इतका वेळ लागून राह्यलेला. रोज शाळा सुटली की किसनराव माळ्याच्या मळ्यात जायचा. किसनरावाचा रामा त्याच्याच वर्गात. दोघं तिथं झाडाखाली बसून अभ्यास करायचे, आणि दिवेलागणीला दिनकर घरी यायचा.

सभा झाली त्या दिवशी मी ओट्यावरच उभा राहिलो.

"इकडे ये. तोंड उघड."

"काऊन?"

"काऊन नाही, का म्हण! हा कर."

"हाऽऽ."

मी नाक पुढं केलं. आणि बाप्पा, वास होता! खरंच होता! आंबूस, गोडसर, नाकात शिरणारा.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग काय प्यायलास?"

"पानी."

"पाण्याला वास येतो?"

"विहिरीचं आहे, बाबा."

आमची ही आतून आली. "अहो, पोरगं भुकेलं आहे. जेवू द्या त्याला आधी!"

"तू मधे बोलू नकोस. कंदील आण आणि धर इथं, मला जीभ पाहायची आहे. साहेब एवढं सांगतात, म्हणजे काहीतरी असेलच!"

त्या दिवसापासून आमच्या घरात नेमच पडला. इकडे देवापाशी दिवा लागला की तिकडे ओट्यावर ही कंदील धरणार, दिनकर 'हाऽऽ' करणार आणि मी वास घेणार. मग पानं वाढायची. मी काय फक्त तोंडावर थांबलो? सदरा हुंगला, उशी हुंगली. एकदा तर कंपासपेटी उघडून हुंगली. तिला कंपासपेटीचाच वास होता.

पोरगं आधी हसायचं. मग हसेनासं झालं. मग माझ्याकडे न पाहताच तोंड उघडायला लागलं. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं!

आता इथं एक बारीकशी गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. एक दिवस विहिरीवर बायकांनी हिला विचारलं, "काहो वयनी, तुमच्या घरी जेवाले एवढा उशीर काऊन होते?" तर ही बिचारी सरळ मनाची. म्हणाली, "काय करता बाई, हे रोज दिवेलागणीला वास घेतल्याशिवाय पानावर बसतच नाहीत!"

बस, एवढंच बोलली. बादली भरली आणि घरी आली.

होळी जवळ आली, परीक्षा तोंडावर आली, आणि वास काही जाईना. शेवटी एका संध्याकाळी हिनं कंदील खाली ठेवला आणि मला म्हणाली, "एक विचारू का? तुम्ही रोज वास घेता. पण दारूचा वास कसा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

मी कंदील उचलून खुंटीला अडकवला.

काय सांगू तुम्हाला, भूमितीच्या मास्तरवर याच्यापेक्षा वाईट वेळ येत नाही! ज्याची व्याख्याच माहीत नाही ते सिद्ध करायला निघालो होतो. पोरावर आरोप ठेवून बसलो, आणि पुराव्याची ओळख नाही. त्या रात्री झोपलो नाही. दारूचा वास असतो तरी कसा? औषधासारखा? रॉकेलसारखा? सडक्या केळ्यासारखा? सकाळपर्यंत मला दिनकरची काळजी कमी आणि वासाची उत्सुकता जास्त झाली होती, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सरळ किसनरावाच्या मळ्यात गेलो. किसनराव मेथीच्या जुड्या बांधत बसला होता.

"किसनराव, जरा खासगी विचारायचं होतं."

"इचारा न, मास्तर."

"मला वास घ्यायचा आहे हो. कुठं सोय होईल?"

किसनरावाच्या हातून जुडी सुटली. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "म्हंजे आयकलं ते खरंच हाय तं!"

"काय ऐकलं?"

"काही नाही, काही नाही! रोज घेता म्हने?"

"रोज. दिवेलागणीला. पण खरं सांगू का, नीट काही कळतच नाही."

"नाही कळत? मंग पानी जास्त असन त्यात."

"तोही पाणीच म्हणतो!"

"कोन?"

"आमचा दिनकर. त्याला समोर उभा केल्याशिवाय कसा घेणार?"

"पोट्ट्याले समोर घेऊन?"

"हो तर! आणि ही कंदील धरते."

किसनराव मटकन मेथीवर बसला. "वयनी... कंदील धरते?"

"मग? अंधारात दिसत नाही ना."

किसनराव डोळे मोठे करून माझ्याकडे पाहायला लागला. मला वाटलं, माझ्या शिस्तीचं कौतुक करून राह्यला. मी विचारलं, "तुम्ही रामाचा घेता की नाही?"

"रामाचा काय?"

"वास!"

"नाही बाप्पा! बैलाचं तोंड पाहतो मी, दात मोजाले. पोट्ट्याच्या तोंडात नाक कायले घालू?"

"आणि तो पीत असला तर?"

"नाही पेत."

"कशावरून?"

"माहा पोट्टा हाय न तो!"

आता याला काय उत्तर म्हणायचं? सिद्धता नाही, पक्ष नाही, साध्य नाही! 'माहा पोट्टा हाय' म्हणे! मी मनात म्हटलं, अडाणी आहे बिचारा.

जाताना किसनरावानंच मला गाठलं. माझा हात धरला आणि म्हणाला, "मास्तर, घरी पोरासमोर नका घेत जाऊ. नाल्यापल्याड निंबाच्या मांगं सुदामची झोपडी हाय. बाजाराच्या दिवशी दुपारी जाजा, गाव रिकामं असते. तठी जाऊन एवढंच म्हनजा, 'वास पाहाले आलो.' दुसरं काही बोलू नका."

"अहो, मला दुसरं काही बोलायचंच नाही आहे!"

केवढा समजदार माणूस! मी न सांगता त्याला सगळं समजलं, याचंच मला नवल वाटलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी निघालो. डोक्यावर टोपी, तोंडासमोर छत्री, आणि खिशात कापसाचा फाया. फाया कशाला? सांगतो न! अत्तराचा फाया कानात ठेवतात ना, तसा दारूचा फाया करून घरी न्यायचा, आणि संध्याकाळी एका नाकपुडीला फाया, दुसऱ्या नाकपुडीला दिनकर, अशी तुलना करायची. माझी योजना शास्त्रीय होती. हसू नका!

नाला ओलांडला. निंबामागं झोपडी. आत एक चूल, दोन मडकी, आणि पायाखाली कसला तरी चिखल. सुदाम मला पाहून उठूनच उभा राहिला.

"या मास्तर, या! तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं, मास्तर रोज घेतात, आन आपल्याकडून काऊन नाही घेत? का आपला माल वाईट हाय?"

माझं तिकडे लक्ष कुठं होतं! मी पढवल्याप्रमाणे म्हटलं, "वास पाहायला आलो."

"बसा न!" असं म्हणून त्यानं काचेचा गिलास काठोकाठ भरून माझ्यासमोर धरला.

"अहो, एवढं कशाला? मला फक्त वास घ्यायचा आहे!"

"हाव न! अथी सगळे वासच घेतात, मास्तर. कोनी म्हनते का, दारू दे? दारूबंदी हाय न, बाप्पा! सरपंच आले तं वास पाहाले येतात, तलाठी आले तं वास पाहाले येतात. तुम्ही बी तसेच!"

आलं ना ध्यानात? मला तेव्हा आलं. बसल्या जागी घाम फुटला. विहिरीवर ही काय बोलली, ते आठवलं. मी किसनरावाला काय काय सांगितलं, ते आठवलं. पोट्ट्याले समोर घेऊन! वयनी कंदील धरते! अरे देवा! महिनाभर सगळं गाव समजून राह्यलं होतं की मास्तर रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की बायकोच्या उजेडात आणि पोराच्या साक्षीनं ढोसतात, आणि त्यावर दारूबंदीचं भाषण देतात!

कोणताही शहाणा माणूस तिथून पळाला असता. पण मी सांगितलं ना, खोड! एवढं आलोच आहे, तर वास न घेता जायचं? मी खिशातून फाया काढला, गिलासात बुडवला, आणि डोळे मिटून नाकाशी नेला.

अरे बापरे! नाकातून निघालेली झिणझिणी टाळूपर्यंत गेली. डोळ्यांत पाणी. पण त्या पाण्यातही मला स्वच्छ कळलं की हा वास दिनकरच्या तोंडाचा नव्हे! आंबूस आहे, पण तो आंबूस नाही. गोडसरपणा तर नावाला नाही. म्हणजे पोरगं पीत नव्हतं! कधीच पीत नव्हतं! इति सिद्धम्! आनंदानं मी सुदामला मिठी मारणार होतो.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"सुदामभाऊ, आहात का? जरा वास पाहाले आलो."

आवाज फुटलेला होता. माझ्या ओळखीचा होता. माझ्याच घरातला होता.

मी उठलो. म्हणजे उठायला गेलो. खालच्या त्या चिखलावरून पाय सटकला, मी मडक्यावर, मडकं माझ्यावर, आणि टोपीपासून धोतरापर्यंत मोहाच्या दारूचं स्नान. घोटा असा मुरगळला की तोंडून 'आई गं' निघालं. आणि दारात दिनकर.

"बाबा?"

"तू इथं काय करून राह्यला?" माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"तुम्ही काय करून राह्यले?"

"मी वास घ्यायला आलो!"

"मी बी."

सुदाम म्हणाला, "मंग दोघायले देऊ का?"

"गप बस!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

दिनकर तसाच दारात उभा. पोरगं चिडलं की वऱ्हाडीवर यायचं. बोलायला लागलं आणि मला मधे तोंडच उघडता येईना. "रोज संध्याकाळी चोरासारखं तोंड उघडून उभं राहाचं. रामाचे बाबा रामाले काही इचारत नाहीत. मी 'नाही' म्हटलं तं तुम्हाले पटत नाही, काही नाही बोललो तं अजूनच नाही पटत. तुम्ही धरूनच बसले का मी पेतो. मंग म्हटलं, न पेता बी पेनाराच ठरलो, तं एकदा पेऊन तरी पाहू. निदान तुम्ही खोटे तं पडनार नाही!"

हसता का आता? मलाही तेव्हा हसू आलं नाही. सुदामची झोपडी दिनकरनं आपण होऊन शोधली नव्हती. मीच त्याला रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात एकेक पाऊल तिकडे ढकलत नेलं होतं. माझ्या या लांब नाकानंच मी पोराला दारूच्या गुत्त्यापर्यंत आणून ठेवलं होतं. आणि अजून एखाद्या घटकेचा उशीर झाला असता, तर तो गिलास माझ्याऐवजी त्याच्या हातात असता.

"मग तुझ्या तोंडाला रोज वास कशाचा येतो?" मी विचारलं.

"कवठाचा."

"कवठाचा?"

"रामाच्या मळ्यात कवठाचं झाड आहे न. गूळ घालून खातो आम्ही. आईनं कवठ बंद केलं, घसा धरते म्हनून. सांगितलं तं काढा पाजते. म्हनून म्हटलं, काही नाही खाल्लं."

कवठ! महिनाभर मी कवठ हुंगून राह्यलो होतो!

दिनकर जवळ आला, वाकला, आणि माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "बाबा, हा करा."

"काय?"

"हा करा म्हटलं."

मी केलं. करणार काय! "हाऽऽ."

त्यानं वास घेतला. अगदी माझ्यासारखंच नाक पुढं करून घेतला. "तोंडाले नाही," तो म्हणाला. "बाकी सगळ्या अंगाले आहे." आणि मग त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं. मला हसताना घोटा इतका दुखला की काही विचारू नका.

आता घरी कसं जायचं? पाऊल टेकवत नव्हतं. दिनकरनं माझा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही निघालो. आणि नशीब पाहा! बाजार उठला होता. सगळं गाव त्याच वाटेनं परत येऊन राह्यलं होतं. डोक्यावर टोपल्या, हातात पिशव्या, आणि समोर कोण? मास्तर! टोपी तिरपी, धोतर चिंब, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, दहा हातांवरून वास, आणि पोराच्या गळ्यात हात!

एक म्हातारी पदर नाकाला लावून म्हणाली, "बिचारं पोट्टं! कसं सावरून नेऊन राह्यलं बापाले!"

"अहो आजी, मी फक्त वास घेतला!" मी ओरडलो.

वाटेवर असा हशा पिकला की बैल बुजले. कोणीतरी म्हणालं, "हाव न मास्तर, आम्ही बी वासच घेतो!"

"अहो, खरंच वास! फाया नेला होता मी! कापसाचा!"

"आता तं मास्तर कापसानं घेतात!"

दिनकर माझ्या कानात म्हणाला, "बाबा, बोलू नका. जितकं बोलता तितकं फसता."

किसनरावही त्या गर्दीत होता, रिकाम्या टोपल्या घेऊन. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं, जसा माणूस हातातून गेलेल्या पेशंटकडे पाहतो. मग दिनकरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "शाबास रे पोट्ट्या!"

घरी ही दारातच उभी. तिनं एक श्वास घेतला आणि दोन पावलं मागं सरली. "हा असतो होय तो वास!"

"हाच."

"कळला आता?"

"कळला."

सगळी हकीकत ऐकून ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसले आणि एकदम दिनकरकडे वळली. "आणि काय रे, कवठ खात होतास का तू?" दारूतून सुटलेला दिनकर कवठात सापडला. त्याला वाटीभर काढा मिळाला, आणि माझ्या घोट्याला हळदीचा लेप.

तो काढा तोंडाजवळ धरून बसला असताना मी त्याला म्हटलं, "दिनकर, उद्यापासून वास घेणं बंद. तू पिणार नाहीस, हे मी धरून चालतो."

"कशावरून?" त्यानं विचारलं. माझाच मुलगा तो, सिद्धता मागणारच!

मी खूप विचार केला. दुसरं काहीच सुचलं नाही. "माझा मुलगा आहेस न तू," मी म्हटलं.

त्यानं काढा एका घोटात पिऊन टाकला. एरवी त्याला अर्धा तास लागायचा.

पुढची गंमत ऐका. माझं नाव गेलं ते गेलंच, पण पोराचं असं वर गेलं की विचारू नका! 'बाप असा, पन पोट्टं सोनं हाय!' ज्याच्या-त्याच्या तोंडी हेच. कोणी त्याला दूध आणून द्यायचं, कोणी शेंगा. किसनराव म्हणाला, "घरी अभ्यास होत नसन बावा त्याचा, अथीच झोपत जा म्हना." अख्ख्या गावानं ठरवून टाकलं की हा पोरगा कधी पिणार नाही. आता एवढ्या लोकांनी धरून ठेवल्यावर तो पिणार तरी कसा? सुदामनंसुद्धा त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं म्हणे, "तू माह्याकडे येजो नको बे. तुह्या घरी एक बस झाला." मी मात्र कुठं शिंकलो तरी लोक म्हणायचे, चढली! दारूबंदी सप्ताहाच्या वेळी हेडमास्तर मला म्हणाले, "भाषण तुम्हीच करा, मास्तर. यंदा जरा अनुभवाचं येऊ द्या."

मॅट्रिकचा निकाल लागला. दिनकर पहिल्या वर्गात पास! गावात असा निकाल कधी लागला नव्हता. शाळेच्या अंगणात सत्कार ठेवला. मी पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. किसनराव बोलायला उभा राहिला. "मंडळी, या पोट्ट्यानं काय काय सोसलं, ते मी बोलत नाही. घरची गोष्ट हाय. पन बाप असा असून..." इथं त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. "असा असून बी पोट्टं वाकडं गेलं नाही!" टाळ्यांचा कडकडाट!

मला राहवलं नाही. मी उठलो. "मंडळी, मी शपथेवर सांगतो, मी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही! मी फक्त..."

"वास घेतला!" सगळं अंगण एका सुरात ओरडलं.

मी बसलो. दिनकर व्यासपीठावर उभा राहून हसून राह्यला होता, गळ्यात हार. मला काय वाटलं सांगू? गेलं माझं नाव तर गेलं. हा सौदा मला परवडला.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. देवापुढं पेढे ठेवले, मी एक तोंडात टाकला आणि ओट्यावर आलो. तर दिनकर समोर उभा, कमरेवर हात ठेवून.

"बाबा, हा करा."

"अरे, आज तरी!"

"मले गावाले सांगावं लागते न. सगळे इचारतात, आज कसे आहेत म्हनून."

मी तोंड उघडलं. "हाऽऽ."

त्यानं नाक पुढं केलं. "पेढा," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

तेवढ्यात आमची ही आतून आली. हातात कंदील. माझ्या तोंडासमोर तो नीट वर धरला आणि पोराला म्हणाली, "पुन्हा एकदा घे रे नीट. सगळं गाव एवढं सांगतं, म्हणजे काहीतरी असेलच!"